जुन्या गाडीची बॅटरी उतरते: ०.४० अँपिअरपासून २१ मिलीअँपिअरपर्यंत

गाडी: १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातली छोटी पेट्रोल हॅचबॅक, सुरुवातीच्या पिढीचं फ्युएल इंजेक्शन, ३५ अँपिअर-तासांची बॅटरी. नंतर बसवलेल्या गोष्टी दोन, स्टिरिओ आणि सेंट्रल लॉकिंग. तक्रार: गाडी उभी राहिली की तिसऱ्या सकाळी सेल्फ मारल्यावर नुसती टिकटिक. बॅटरी नवी टाकून झालेली, फरक शून्य.

आधी बॅटरी, मग चार्जिंग

गळती (गाडी बंद असताना बॅटरीतून वाहत राहणारा करंट) शोधायच्या आधी बॅटरीच दोषी नाही ना, हे बघून घेतलं. पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल सोडवून ठेवली. रात्रभर स्थिरावल्यावर १२.६८ व्होल्ट, आणखी काही दिवस तशीच ठेवल्यावर १२.६५. हायड्रोमीटरवर (आम्लाची घनता मोजणारी नळी) सहाही सेल १.२७० ते १.२७५च्या दरम्यान. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५०ने खाली असता तर शोध तिथेच संपला असता. बॅटरीच्या डोक्यावरची ओलसर काजळीही पुसून घेतली. आम्लाच्या थरातून दोन टर्मिनलमध्ये बारीक करंट वाहतो. मीटरची एक पिन निगेटिव्हवर आणि दुसरी प्लॅस्टिकच्या झाकणावर टेकवून व्होल्ट दिसले, तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची वेळ झाली आहे. फक्त ते पाणी सेलच्या झाकणातून आत जाता कामा नये.

चार्जिंग २००० आरपीएमला १४.२ व्होल्ट, हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना १३.९. रिपल (चार्जिंगच्या डीसीत मिसळलेला एसी चढउतार) मोजण्यासाठी मीटर एसी व्होल्टवर ठेवला, आकडा ०.०५ आला, म्हणजे ठीक. इथे एक सावधगिरी. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही आकडा दाखवतात. इंजिन बंद ठेवून आधी बॅटरीवर तोच मीटर लावून बघा. तिथे शून्य येत नसेल तर त्या मीटरची रिपल चाचणी निरर्थक आहे. रिपल चांगला आला म्हणून अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) निर्दोष ठरतो, असं मात्र नाही. ते पुढे येतंच.

मीटर लावताना

दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने फिरवून ‘बंद’ स्थितीत आणलं, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटतं. (आवरताना हँडल ओढून लॅच मोकळं करायचं आणि मगच दार लावायचं, नाहीतर लॅच वाकतं.) डिकी मात्र खरोखरच लावून घेतली, कारण डिकीचा दिवा हा अशा गाड्यांतला जुना संशयित. चावी खिशात.

करंट निगेटिव्ह बाजूलाच मोजायचा. पॉझिटिव्हवर काम करताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. क्रम असा: मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर. जाड वायरचा जंपर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज. त्याचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं केबलच्या क्लॅम्पवर. जंपर लागल्यावरच क्लॅम्प ढिला करून उचलायचा, मध्ये मीटर जोडायचा आणि सर्वात शेवटी जंपर काढायचा. गाडीचा पुरवठा क्षणभरही तुटत नाही, त्यामुळे स्टिरिओची मेमरी शाबूत राहते आणि सेंट्रल लॉकिंगचा मोड्यूल (कंट्रोल बॉक्स) जागा होत नाही. पुरवठा तोडून पुन्हा जोडला की अनेक मोड्यूल काही मिनिटं जागे राहतात, आणि तो आकडा गळती समजून माणसं तासन्‌तास भलतीकडेच खोदत बसतात.

मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही. सेल्फचा करंट शंभर अँपिअरच्या वर जातो आणि मीटरचा फ्यूज जागीच उडतो. चावी लावायचीच असेल तर आधी क्लॅम्प खांबावर घट्ट करून मीटर बाजूला घ्यायचा. मिलीअँपिअर सॉकेटचा फ्यूज तर अनेक मीटरमध्ये २०० ते ४०० मिलीअँपिअरचाच असतो. ती रेंज करंट नक्की कमी आहे हे कळल्यावरच.

आकडे: सुरुवातीला १.१ अँपिअर, आतल्या दिव्याचा टायमर संपल्यावर ०.६२, वीस मिनिटांनी ०.४०, आणि पुढे तिथेच स्थिर.

०.४० गुणिले २४ म्हणजे दिवसाला ९.६ अँपिअर-तास. तीन दिवसांत २९, आणि बॅटरी ३५ची. तक्रार आणि गणित जुळलं. हे गणित दर वेळी करून बघावं. जुळलं नाही तर गळती अधूनमधून होते, किंवा मोजली तेव्हा ती झोपलेली होती.

फ्यूज न काढता

फ्यूज एकेक करून उपसायची पद्धत चालते, पण फ्यूज परत बसवताना ते सर्किट पुन्हा जागं होतं. त्यापेक्षा मिलीव्होल्ट मोजलेले बरे. पात्यांच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात. मीटर डीसी मिलीव्होल्टवर ठेवून तिथे पिना टेकवायच्या. करंट वाहत असेल तर फ्यूजच्या स्वतःच्या रोधामुळे थोडा दाब (व्होल्टेज) पडलेला दिसतो. नेहमीच्या आकाराच्या फ्यूजसाठी अंदाजे रोध: ५ अँपिअरला १७ मिलीओहम, १०ला ७.५, १५ला ४.८, २०ला ३.४. मिलीव्होल्टला मिलीओहमने भागलं की थेट अँपिअर.

मर्यादाही माहीत हवी. मीटर ०.१ मिलीव्होल्टपर्यंतच दाखवत असेल, तर १५च्या फ्यूजवर २० मिलीअँपिअरखालचं काही दिसणार नाही. काचेच्या नळीचे किंवा उघड्या पट्टीचे फ्यूज असतील तर क्लिपच्या गंजाचा रोधही मोजणीत येतो. तिथे वरचे आकडे लागू नाहीत, पण कुठे दाब पडतोय आणि कुठे नाही एवढं कळतं.

या गाडीत सगळीकडे ०.० किंवा ०.१. फक्त आतले दिवे, घड्याळ आणि स्टिरिओ मेमरीच्या १५ अँपिअर फ्यूजवर १.८. भागिले ४.८, म्हणजे ०.३७ अँपिअर. १३.५ व्होल्टला ५ वॅट खाणारा बल्ब १२.६वर साधारण ०.३६ अँपिअर घेतो. आकडा स्वतःच सांगत होता की कुठेतरी एक बल्ब पेटलेला आहे. (रिलेची कॉइल अडकली असती तर १२० ते १७० मिलीअँपिअर दिसले असते. ब्रेक लाइटचा स्विच अडकला असता तर २१ वॅटचे दोन दिवे मिळून साडेतीन अँपिअर. असे आकडे डोक्यात असले की अर्धं काम डायग्राम उघडण्याआधीच होतं.)

डिकीत मोबाइलचा व्हिडिओ चालू करून डिकी लावली. दिवा पेटलेलाच. स्विचचा कनेक्टर काढला, तरीही पेटलेला. म्हणजे स्विच बेकसूर.

या सर्किटमध्ये बल्बला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थची (बॉडीची, म्हणजे निगेटिव्ह) बाजू जोडतो. बल्बपासून स्विचकडे जाणारी वायर वाटेत बॉडीला घासली, तर फ्यूज उडत नाही, कारण मध्ये बल्ब आहे. बल्ब मुकाट्याने पेटून राहतो. आणि घासायची जागा ठरलेली: डिकीच्या बिजागराजवळचा रबरी ग्रोमेट, जिथे हार्नेस (वायरींचा जुडगा) प्रत्येक उघडझापीला वाकतो. रबर मागे सारल्यावर तीन वायरींचं इन्सुलेशन चिरलेलं, त्यातल्या एकीचं तांबं पत्र्याला टेकलेलं. दुसरी नंबरप्लेटच्या दिव्याची, तिसरी मागच्या वायपरची. त्याही काही महिन्यांत गेल्याच असत्या.

दुरुस्तीत टेप गुंडाळून भागत नाही. चिरलेला भाग दोन्हीकडून चांगला हातभर कापून ०.७५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची गाडीची वायर घातली, म्हणजे जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर गेले. तिन्ही जोड एकाच ठिकाणी न आणता पुढेमागे ठेवले, नाहीतर तिथे गाठोडं होऊन ग्रोमेट बसत नाही. जोड क्रिंप करून वर चिकट हीट श्रिंक. वाकणाऱ्या जागी सोल्डर नको. ते तारांमध्ये वर चढतं, वायर कडक होते आणि सोल्डर संपतं तिथे तुटते. ग्रोमेट नवा.

४८ मिलीअँपिअर चालतील का?

पुन्हा मोजल्यावर ४८ मिलीअँपिअर. ‘५०च्या आत म्हणजे ठीक’ हा नियम सगळ्यांना पाठ आहे, आणि बरेच शोध इथेच थांबतात. पण ती मर्यादा डझनभर मोड्यूल असलेल्या गाड्या धरून आलेली आहे. या गाडीत उभं असताना खाणारं आहे काय? घड्याळ, स्टिरिओची मेमरी, ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) मेमरी आणि सेंट्रल लॉकिंग, बस.

म्हणून प्रत्येकाचा हिशेब घेतला. फ्यूज काढून त्याच्या क्लिपांमध्ये मिलीअँपिअर रेंजवर मीटर जोडला आणि सर्किट झोपेपर्यंत थांबलो. घड्याळ आणि स्टिरिओ मिळून ९, सेंट्रल लॉकिंग ८, ईसीयू ४. बेरीज २१. बॅटरीवर मात्र ४८. उरलेले २७ मिलीअँपिअर फ्यूजबॉक्समधून जातच नव्हते.

फ्यूजबॉक्स टाळून जाणाऱ्या वाटा मोजक्याच: सेल्फची जाड केबल, अल्टरनेटरची बी प्लस (आउटपुटची पॉझिटिव्ह) केबल, आणि कोणी थेट बॅटरीवरून ओढलेल्या वायरी. तशी ओढलेली वायर इथे एकच, स्टिरिओच्या पॉवर अँप्लिफायरसाठी टाकलेली, आणि तिचं दुसरं टोक मोकळं होतं. निगेटिव्ह काढून बी प्लसचा नट सोडवला, केबलचं टोक टेपने गुंडाळलं आणि निगेटिव्ह परत जोडून मोजलं: २१. मग केबलचं टोक आणि अल्टरनेटरचा स्टड यांच्यामध्ये मीटर: २७. नट सोडवण्याआधी निगेटिव्ह काढायला विसरू नये. त्या स्टडवर बॅटरी थेट हजर असते, मध्ये असला तर एखादा फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा वायरचा तुकडा).

गरम इंजिनाचा आकडा

२७ मिलीअँपिअरने बॅटरी तीन दिवसांत उतरत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? कारण अल्टरनेटरमध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारे सिलिकॉन डायोड असतात, आणि त्यांची उलटी गळती साधारण दर १० अंशांना दुप्पट होते. थंड अल्टरनेटरवर मोजलेला आकडा हा सगळ्यात सौम्य आकडा असतो.

सगळं परत जोडून गाडी चांगली तापेपर्यंत चालवली, बंद केली आणि बी प्लस केबलवर डीसी क्लॅम्प मीटर लावला. (हॉल सेन्सरचा क्लॅम्प पृथ्वीच्या चुंबकत्वालाही फसतो. ज्या जागी आणि ज्या दिशेत मोजायचं, तिथेच केबलशेजारी धरून शून्य करायचा.) बंद करताक्षणी ०.६०, वीस मिनिटांनी ०.८५, मग हळूहळू खाली, तीन तासांनी ०.१५. बंद झाल्यावर करंट वाढला याचंच आधी कोडं वाटतं. पण अल्टरनेटरचा पंखा थांबलेला असतो आणि शेजारी तापलेलं इंजिन, त्यामुळे बॉनेटखाली सगळं थोडा वेळ आणखी तापतं. कुलूपबंद गाडीत करंट आधी चढून मग उतरत असेल तर डायोडवर संशय घ्यावा.

एका गरम पार्किंगमध्ये अंदाजे दीड अँपिअर-तास गेले. दिवसात चार छोट्या फेऱ्या झाल्या की सहा, आणि छोट्या फेरीत तेवढं परत भरत नाही. फक्त डिकीचा दिवा दुरुस्त करून गाडी परत दिली असती, तर रोजच्या वापरात बॅटरी पुन्हा अर्धपोटी राहिली असती.

अल्टरनेटर उघडल्यावर आधी रेडिओतली खरखर थांबवणारा कंडेन्सर सुटा करून तपासला, तोही बी प्लस आणि अर्थच्या मध्ये असतो. तो ठीक. मग रेक्टिफायर, म्हणजे हे डायोड बसवलेला भाग. बी प्लसपासून अर्थपर्यंतच्या वाटेत दोन डायोड उलटे, एकामागे एक येतात, एक पॉझिटिव्ह प्लेटवरचा आणि एक निगेटिव्ह प्लेटवरचा. तिन्ही फेज (अल्टरनेटरच्या तीन गुंडाळ्या) स्टेटरमधून, म्हणजे त्याच्या स्थिर भागातून, एकमेकांना जोडलेल्या असल्याने ते एकाच फेजचे असायची गरज नाही. पण करंट गळतो याचा अर्थ दोन्ही प्लेटवर किमान एकेक डायोड खराब आहे. म्हणून एकच डायोड बदलून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणावं, अख्खी रेक्टिफायर प्लेट बदलावी. मीटरच्या डायोड चाचणीत सगळे डायोड पास झाले: सुलट ०.५च्या आसपास, उलट उघडे. मीटर दोन-तीन व्होल्टच देतो आणि तेही थंड डायोडवर. तिथे अशी गळती अनेकदा दिसत नाही. आउटपुट व्यवस्थित असल्यामुळे रिपलही चांगला आला होता.

नवी प्लेट, नवे इन्सुलेटिंग बुश आणि वॉशर. स्टेटरच्या तारा १०० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने झटपट जोडल्या. छोट्या आयर्नने रेंगाळत तापवलं तर नव्या डायोडलाच उष्णता लागते. हात लागलाच आहे तर कार्बन ब्रशही पाहिले, ९ मिलिमीटर शिल्लक, ते तसेच ठेवले.

आताचे आकडे: थंड २१, गरम २४ मिलीअँपिअर. दिवसाला अर्धा अँपिअर-तास. बॅटरी अर्ध्यावर यायला महिन्याहून जास्त लागेल, तिची स्वतःची घट वेगळी.

बाकी कामं: अँप्लिफायरसाठी ओढलेली ती मोकळी वायर बॅटरीपाशीच काढून टाकायची. तिला फ्यूज नाही, आणि टोकावरची टेप सुटली तर मामला गळतीवर थांबणार नाही. १५च्या फ्यूजची क्लिप ढिली आहे, ती बदलायची. इग्निशन स्विचचा अ‍ॅक्सेसरी संपर्क चावी काढल्यावर दर वेळी सुटतो का, हे स्टिरिओच्या लाल वायरवर टेस्ट लॅम्प लावून चावी पाच-पंचवीस वेळा फिरवून बघायचं आहे.