साडेतीन तास ती बाटली कुठे होती?

"नमुना सकाळी ११.४० ला घेतला, असं तुम्ही सांगता. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तो दुपारी ३.१० ला आलाय. मधले साडेतीन तास ती बाटली कुठे होती?"

अभिरूप न्यायालयात मी साक्षीदार म्हणून उभी होते. उत्तर मला ठाऊक होतं. बाटली बर्फाच्या पेटीत होती, पेटी गाडीत होती आणि गाडीला कुलूप होतं. पण हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, त्यावर कुणाची सही नव्हती. न्यायाधीशाच्या खुर्चीतल्या प्राध्यापकांनी आमचा क्रोमियमचा आकडा पुराव्यातून वगळला. आमचं निम्मं प्रकरण त्या आकड्यावर उभं होतं.

मी रसायनशास्त्राची. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात आमचा आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यासक्रम एकत्र होता. चार जणांचा गट, एक ओढा, त्यात सांडपाणी सोडणारा एक पाइप आणि सत्राच्या शेवटी सुनावणी.

दोन दिवस माझा राग गेला नाही. आकडा खरा होता ना! नमुना घेतल्या घेतल्या त्यात नायट्रिक आम्ल घातलं होतं, तीनदा मोजला होता, क्रोमियमचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांवर उपकरण तपासताना आलेखाची रेघ सरळ आली होती. साडेतीन तासांत क्रोमियम काही उडून जात नाही. हे सगळं मी गटातल्या कायद्याच्या मैत्रिणीला तावातावाने ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू खोटं बोलतेस असं कुणीच म्हणालं नाही. समोरच्या बाजूला तुझा आकडा तपासून बघता आला पाहिजे, एवढंच. तू तरी दुसऱ्याचा निष्कर्ष त्याची पद्धत न वाचता मानतेस का?"

नाही मानत. पद्धतीचं प्रकरण न वाचता मी कुठलाही शोधनिबंध बाजूला ठेवते. बाटली कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याची नोंद म्हणजे त्यांच्याकडचं पद्धतीचं प्रकरण, हे मला तोवर कुणी या शब्दांत सांगितलंच नव्हतं.

खरी चूक आमची सगळ्यांची होती. कामाची वाटणीच आम्ही अशी केली होती की आम्ही पाणी तपासायचं आणि त्यांनी भांडायचं. दोन महिने आम्ही भेटलो ते फक्त कागद देण्याघेण्यापुरते. त्यामुळे माझ्या अहवालात शिशापुढे "शोधमर्यादेखाली" असं होतं, त्याचं त्यांच्या अर्जात "पाण्यात शिसे नाही" झालं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या उपकरणाला एका ठरावीक प्रमाणाखालचं दिसत नाही, एवढंच मी लिहिलं होतं.

उलट माझ्या एका वाक्याने त्यांचा घात केला. शेवटी मी सवयीने लिहिलं होतं, "पाइप आणि मासे मरणे यांचा संबंध सिद्ध झालेला नाही." आमच्याकडे ही सावधगिरी चांगल्या अभ्यासाची खूण समजली जाते. योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय आम्ही तोंड उघडत नाही. मैत्रीण म्हणाली, दिवाणी दाव्यात सहसा एवढंच बघतात की गोष्ट घडली असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे का. फौजदारी खटल्यात मात्र वाजवी संशयापलीकडे जावं लागतं. मग तिने मला सरळ विचारलं, "तुझ्या मते शक्यता निम्म्याहून जास्त आहे का?" आहे, नक्कीच आहे. "मग ते का नाही लिहिलंस?" कारण तो प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या अहवालांत यावर एक चांगला तोडगा आहे. तिथे 'शक्य आहे' या अर्थाचा शब्द मोघम वापरत नाहीत. 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९० टक्के, आणि 'न होण्यापेक्षा होण्याची शक्यता जास्त' यालाही ५० टक्क्यांच्या वरची स्वतंत्र पायरी आहे. ती शेवटची पायरी म्हणजे जवळपास दिवाणी न्यायालयाचीच भाषा. ते कोष्टक आम्ही दोघींनी वहीत उतरवून घेतलं.

त्यानंतर आम्ही वाचायलाही एकत्र बसू लागलो. जपानमधल्या मिनामाता इथल्या कारखान्याच्या सांडपाण्यातून झालेल्या पाऱ्याच्या विषबाधेचं प्रकरण मी आधी पाऱ्याच्या रसायनशास्त्रासाठी वाचलं होतं, या वेळी तिच्या बरोबर तारखा लावत वाचलं. १ मे १९५६ ला त्या कारखान्याच्या, म्हणजे चिस्सो कंपनीच्या, रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी या अनोळखी आजाराचे रुग्ण आरोग्य केंद्राला कळवले. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी खाण्यात मिसळून एका मांजराला दिलं. '४०० क्रमांकाचं मांजर' म्हणून ते आज ओळखलं जातं. त्याला तोच आजार झाला. कंपनीने तो निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं १९६८ मध्ये. रुग्णांनी कंपनीवर केलेल्या दाव्यात १९७० मध्ये होसोकावांनी रुग्णालयातल्या खाटेवरून साक्ष दिली, त्याच वर्षी ते गेले, आणि निकाल रुग्णांच्या बाजूने लागला मार्च १९७३ मध्ये.

१९५९ ते १९७३. ते आकडे वहीत एकाखाली एक लिहिताना माझा हात थांबला. त्या मधल्या वर्षांत तिथली मुलं जन्मतःच तो आजार घेऊन येत होती. मैत्रिणीचं लक्ष निकालातल्या एका मुद्द्यावर खिळलं होतं. सांडपाणी सोडण्याआधी उत्तमातलं उत्तम ज्ञान वापरून ते धोकादायक आहे का हे तपासणं कारखान्याचं कर्तव्य होतं, असं न्यायालयाने धरलं. "उत्तमातलं उत्तम ज्ञान म्हणजे नेमकं किती, हे मला कोण सांगणार?" तिने विचारलं. ते माझ्यासारखीनेच सांगायचं आहे, आणि तिला कळेल असं सांगायचं आहे.

दोन्ही बाजू वेळेवर एकत्र आल्या की काय होतं, त्यासाठी आम्ही ओझोनचा करार घेतला. रोलंड आणि मोलिना या रसायनशास्त्रज्ञांचा सीएफसीवरचा (ओझोनचा थर नष्ट करणाऱ्या, फ्रिजमध्ये वापरल्या जाणाऱ्या वायूंवरचा) शोधनिबंध १९७४ चा, अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या घटीचा शोधनिबंध १९८५ चा, आणि माँट्रियल करार १६ सप्टेंबर १९८७ चा. मला सगळ्यात आवडलं ते त्याचं सहावं कलम: १९९० पासून किमान दर चार वर्षांनी उपलब्ध विज्ञानाच्या आधारे उपाययोजनांचा फेरआढावा घ्यायचा. शिवाय यादीत आधीच असलेल्या रसायनांवरचे निर्बंध कडक करायला प्रत्येक देशाची नव्याने मंजुरी लागत नाही. हे लिहिणाऱ्यांना विज्ञान पुढे सरकतं हे माहीत होतं, आणि त्यासाठी त्यांनी कायद्यात दार उघडं ठेवलं.

सुनावणी संपली, गुण लागले. तरी मागच्या शनिवारी आम्ही दोघी पुन्हा ओढ्यावर गेलो. आधी एक तास नुसतं ठरवत बसलो: पाइपच्या वरच्या बाजूला किती नमुने, खालच्या बाजूला किती, आणि "हे पाइपमुळे नाही, वरूनच आलंय" असं कुणी म्हणालं तर आपल्याकडे काय असेल. हे तिचे प्रश्न होते, पण नमुन्यांच्या जागा त्यांनी ठरवल्या.

विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी मी बाटली पाण्याखालीच भरली, बुडबुडा राहू दिला नाही, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालून झाकण लावलं. वरच्या बाजूच्या बाटलीत तपकिरी साका उतरला, म्हणजे ऑक्सिजन आहे. पाइपखालच्या बाटलीत तो पांढराच राहिला.

ती बराच वेळ त्या पांढऱ्या साक्याकडे बघत होती. "म्हणजे यात काहीच नाही?"

"जवळजवळ काहीच नाही," मी म्हणाले. "इथे मासा तग धरणार नाही."

तिने घड्याळ पाहिलं, नोंदवहीत वेळ लिहिली, बाटलीचा क्रमांक लिहिला, सील लावलं, स्वतःची सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.