घासलेली पॅलेट

मंगळवार, रात्री

सर गेल्यावर काकूंनी त्यांची रंग कालवायची लाकडी पॅलेट घासून ठेवलीय. धुण्याचा सोडा, कढत पाणी, तारेची घासणी. सागावर काळपट डाग पडलेत, रेषा उभ्या राहिल्यात, हात फिरवला की कुसळं टोचतात. वाळलेलं जवसाचं तेल सोड्यात भिजलं की त्याचा साबण होतो, रंग सुटतो आणि मोरीत जातो. हे सगळं कळतं, तरी संध्याकाळपासून डोक्यात तेच.

“कोणाला द्यायची झाली तर बरी दिसावी ना,” काकू म्हणाल्या. मी मान डोलावली.

त्या वाळलेल्या रंगांच्या थरात सरांचा हिशेब होता. अंगठ्याच्या भोकाजवळ पांढरा, मग यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, लाल, शेवटी अंबर म्हणजे मातकट तपकिरी, आणि काळा. अंबर झटपट कडक होतो, म्हणून वाटाण्याएवढाच काढायचा. काळा किती दिवस लिबलिबीत राहतो, म्हणून तो कडेला, हात लागू नये असा. आता ते कुठून वाचणार? चित्रकार फ्रान्सिस बेकन 1992 मध्ये गेला. त्याचा लंडनचा स्टुडिओ डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीनं भिंती, दारं, सात हजारांवर वस्तू, अगदी धूळसुद्धा भरून नेला आणि 2001 मध्ये लोकांना खुला केला. आमच्याकडे धुळीला दिवाळीची साफसफाई. आणि मी तरी इतक्या दिवसांत कधी... जाऊ दे.

सरांच्या स्टुडिओची उत्तरेची खिडकी कूलरनं अडवलीय. सपाट उजेडाची एकच जागा, पण 45 डिग्रीत नुसत्या उजेडावर कोण जगतं? कूलरच्या ओल्या हवेत कॅनव्हासला लावलेला सरस मऊ पडून कापड ढिलं होतं. कूलर बंद झाला की मेच्या कोरड्या हवेत तेच ताणतं. वरचा रंग इतकी ओढाताण सोसत नाही. दोन चित्रांच्या कोपऱ्यांत तिरप्या भेगा दिसल्या. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्रं पिवळी पडलीत, ते मात्र भरून येण्यासारखं आहे. जवसाचं तेल अंधारात पिवळतं, उजेडात बरंचसं उतरतं. थेट ऊन नको, खिडकीजवळ काही आठवडे उभी ठेवा, असं काकूंना दोनदा सांगितलं. त्यांनी पानात जवसाची चटणी वाढली. झकास होती. जवसावर माझा राग धरून काय उपयोग!

निघताना पॅलेट माझ्याच हातात दिली. म्हणजे “कोणाला” म्हणजे मला.

आधी व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून उरलेल्या सोड्याचा असर मारला. उद्या पूर्ण वाळली की 220 नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनंच. मग तेलाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. नाहीतर कोरडं लाकूड रंगातलं तेल पिऊन टाकतं. भोकाच्या आतल्या कडेला घासणी पोचलेली नाही, तिथे नखाएवढा अंबर आहे. तेवढ्या जागेवर पेपर लावायचा नाही. आणि तेलाचं फडकं चुरगाळून डब्यात टाकायचं नाही, आपोआप पेटतं. गॅलरीतल्या दोरीवर सुटं पसरायचं.