जॉन विंचेस्टर, बाप म्हणून

सुट्टी होती, 'सुपरनॅचरल' या अमेरिकन मालिकेचा दुसरा सीझन परत लावला. पहिल्याच भागात थोरल्या मुलाला, डीनला वाचवायला जॉन स्वतःचा आत्मा त्या पिवळ्या डोळ्यांच्या सैतानाला देऊन टाकतो. पूर्वी इथे ढसाढसा रडले होते, आज नुसती चिडचिड झाली. मरताना पोराच्या कानात काय सांगतो (ते कळतं बरंच पुढे), तर धाकट्या सॅमला वाचव, नाहीच जमलं तर मार! अरे, डीन चार वर्षांचा असताना जळत्या घरात तान्हा भाऊ त्याच्याच हातात दिला होतास ना? सॅम निदान भांडून स्टॅनफर्डला तरी गेला. डीन बिचारा बापाचं जॅकेट घालून बापाचीच इम्पाला चालवतो. आणि जॉनचं काम करणारा जेफ्री डीन मॉर्गन दिसतो असला भारी की निम्मं आपण तिथेच माफ करून टाकतो.