तुम्ही विचारलंत म्हणून: गायडोची गोष्ट मी हल्ली का सांगत नाही

व्याख्यान संपून चहाचे कप फिरायला लागले की कोणीतरी हमखास जवळ येतं. "ते शेपटी तुटलेल्या विमानाचं यंदा नाही सांगितलंत?" मी म्हणतो, वेळ कमी पडला. खरं तर वेळ असतो. वर्षातून तीन-चारदा हेच चालतं, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. निदान चहा गरम असताना पिता येईल.

ज्यांनी गोष्ट ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ फेब्रुवारी १९४२. जपानने पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर हल्ला केला त्याला अजून दोन महिनेही झाले नव्हते. अमेरिकन ॲडमिरल हॉल्सीची विमानवाहू नौका एंटरप्राइझ प्रशांत महासागरातल्या, जपानच्या ताब्यातल्या मार्शल बेटांवर छापा घालत होती: क्वाजालीन, वोत्जे, तारोआ. विमानं पाठवायची, परत घ्यायची, पेट्रोल-बॉम्ब भरून पुन्हा पाठवायची. असे नऊएक तास ती नौका बेटांच्या आसपासच घुटमळत राहिली. दुपारी तारोआहून पाच जपानी बॉम्बफेकी विमानं आली. बॉम्ब थोडक्यात चुकले. सगळ्यांत पुढचं विमान लेफ्टनंट नाकाईचं. मार खाल्लेलं ते विमान मागे वळलं आणि सरळ डेकवर यायला लागलं.

ब्रूनो गायडो हा एंटरप्राइझवरचा विमानांचा मेकॅनिक. बाकीचे आडोसा शोधत होते. हा मात्र धावत सुटला आणि डेकवर मागे उभ्या असलेल्या एका डॉन्टलेस या बॉम्बफेकी विमानाच्या मागच्या सीटवर चढला. तिथली मशीनगन वळवून अंगावर येणाऱ्या विमानावर गोळ्या झाडत राहिला. कॅप्टनने नौका गर्रकन वळवली. नाकाईच्या विमानाच्या पंखाने डॉन्टलेसची शेपटी कापली, गायडोपासून जेमतेम काही फुटांवर, आणि ते समुद्रात कोसळलं. नंतर गायडो गायब. नेमलेली जागा सोडली म्हणून शिक्षा होईल या धास्तीने तो लपून बसला होता. हॉल्सीने त्याला हुडकून वर बोलावलं आणि तिथल्या तिथे बढती दिली.

इथे मी थांबायचो. टाळ्या पडायच्या.

आणि का थांबू नये? आपल्याकडे पोथी राज्याभिषेकाला संपवतात, उत्तरकांड कितीजण वाचतात? गोष्ट कुठे सोडायची हा सांगणाऱ्याचा हक्क आहे, असं मी स्वतःला कित्येक वर्षं बजावत होतो. अजूनही ते अगदीच खोटं वाटत नाही.

मग एका वाचनालयातला तो कार्यक्रम झाला. मे महिना, पडद्याऐवजी पांढरी चादर, तीस-चाळीस माणसं. पहिल्या रांगेत आठवीतला एक मुलगा वही घेऊन बसला होता. त्याने डॉन्टलेसचं चित्र काढलं होतं आणि शेपटी जिथे कापली गेली तिथे लाल स्केचपेनने रेघ मारली होती. रेघ अगदी बरोबर जागी होती. त्याने हात वर केला. "काका, मग पुढे गायडोचं काय झालं?"

मला माहीत होतं. ४ जून १९४२ ला मिडवेच्या लढाईत गायडो ओफ्लाहर्टी या वैमानिकाच्या मागे तोफची म्हणून बसला होता. कागा या जपानी नौकेवरचा हल्ला आटोपून परतताना इंधन संपलं आणि दोघं समुद्रात उतरले. रबरी तराफ्यावरून त्यांना माकिगुमो या जपानी विनाशिकेने उचललं. काही दिवस चौकशी झाली. मग पाण्याने भरलेले रॉकेलचे डबे बांधून दोघांना समुद्रात ढकललं. रॉकेलचे डबे. आमच्या लहानपणी प्रत्येक स्वयंपाकघरात असायचे तसले. हे बाहेर आलं युद्ध संपल्यावर.

एवढं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. समोर ती लाल रेघ. मी म्हणालो, "मोठ्या हुद्द्यावर गेला रे, पुढे खूप नाव काढलं त्याने."

पावसाळ्यात मुलगा आईबरोबर घरी आला. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याने हीच गोष्ट सांगितली होती, शेवटी माझं ते वाक्य घालून. एका परीक्षकांना खरी हकीकत ठाऊक होती. "हे कुठे वाचलंस?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. नंबर गेला. मुलगा रडत नव्हता, ते जास्त अवघड होतं. त्याने एवढंच विचारलं, "काका, तुम्हाला माहीत नव्हतं का?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "अरे, सरांच्या लक्षात राहिलं नसेल." आणि मी मान डोलावली. म्हणजे दुसऱ्यांदा खोटं बोललो, तेही स्वतःच्या घरात, माझ्याच पुस्तकांच्या कपाटासमोर.

लहान मुलाला रॉकेलचे डबे सांगायचे नव्हते, हे माझं त्या वेळचं कारण. ते कारण खरं असतं तर "लढाईत गेला" एवढं म्हणून भागलं असतं. टाळ्या वाया जाऊ द्यायच्या नव्हत्या, हे त्याहून जास्त खरं.

तेव्हापासून बाकीच्या सांगण्याकडेही मी संशयाने बघायला लागलो. "या छाप्यांनी जपानला हादरवलं," असं मी पूर्वी ठोकून द्यायचो. क्वाजालीनला एक जपानी ॲडमिरल मारला गेला, हे खरं. पण परतलेल्या वैमानिकांनी बुडवली म्हणून सांगितलेली कितीतरी जहाजं बुडालीच नव्हती. त्याच दिवशी यॉर्कटाउन या दुसऱ्या अमेरिकन विमानवाहू नौकेची विमानं जालुइट या मार्शलमधल्याच बेटावर गेली ती अंधारात, वादळी ढगांत. सात विमानं परत आली नाहीत, आणि त्यात मोठा वाटा हवामानाचा. दोन तर अजून जालुइटच्या खाजणात तळाशी आहेत. तरी ५ फेब्रुवारीला एंटरप्राइझ पर्ल हार्बरमध्ये शिरली तेव्हा बंदरातल्या जहाजांनी भोंगे वाजवून तिचं स्वागत केलं. त्या लोकांना त्या दिवशी आकडे हवे नव्हते. मग मी हॉलमध्ये वेगळं काय करत होतो? (हा बचाव मला अजून आवडतो, म्हणूनच त्याचा भरवसा वाटत नाही.)

शिवाय नाकाई. त्याला मी "माथेफिरू" म्हणायचो, लोक हसायचे. कामिकाझे, म्हणजे विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळणारी आत्मघाती पथकं निघाली ऑक्टोबर १९४४ मध्ये. या माणसाला कोणी तसा हुकूम दिलेला नव्हता. विमान आता परत जाणार नाही हे दिसल्यावर त्याने ते वळवलं. गायडो धावला, तसाच हा वळला असेल का? की त्याच्याबरोबरच्या बाकीच्यांना विचारलंही नसेल?

गेल्या आठवड्यात एका सोसायटीतून फोन होता. गणपतीत मुलांसाठी तासभर बोला, आणि ती शेपटीवाली गोष्ट हवीच. मी हो म्हणालोय. कुठे थांबायचं ते अजून ठरलेलं नाही. त्या मुलाची सोसायटी तीच आहे, तो आता बारावीला आहे.