तळहाताएवढा टायर

मोटरस्पोर्टमधला सगळ्यात मोठा कोण, हा वाद निघाला की पटापट आकडे बाहेर येतात. किती विजेतेपदं, किती पोल (शर्यतीची सगळ्यात पुढून सुरुवात), किती पोडियम (पहिल्या तिघांत येणं). माझी यादी आकड्यांवर बेतलेली नाही. चालत्या गाडीचा एकेक टायर जमिनीला जेमतेम तळहाताएवढा टेकलेला असतो, मोटरसायकलचा तर त्याहून कमी. तेवढ्याशा रबराकडून ब्रेक, वळण आणि वेग ही तीन कामं ज्यांनी इतरांहून वेगळ्या रीतीने करून घेतली, ते माझे लाडके.

आधी हिशेब. टायरची पकड म्हणजे अंथरूण, पाय बाहेर गेले की गाडी सुटली. पण हे अंथरूण साध्या वजाबाकीने वाटलं जात नाही. ८० टक्के पकड ब्रेकवर खर्च केली तर वळायला २० टक्के उरत नाही, जवळजवळ ६० टक्के उरते. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचं शाळेतलं गणित इथे लागू पडतं. म्हणजे सरळ रेषेत सगळा ब्रेक संपवून मग स्टीअरिंगला हात घालणारा प्रत्येक वळणावर पकड फुकट घालवतो.

स्कॉटलंडचा फॉर्म्युला वन चालक जिम क्लार्क, त्याच्या पायाला हे गणित कळत होतं. तो सरळ रेषेत जोरात ब्रेक मारायचा, आणि वळायला लागला की स्टीअरिंग जसं जास्त फिरेल तसतसा पाय हळूहळू उचलायचा. त्यामुळे वजन पुढच्या टायरवर दाबलेलं राहतं आणि नाक आत येतं. करताना चुका दोन होतात. पाय झटक्यात उचलला तर पुढच्या स्प्रिंगा वर येतात, पुढचं वजन निघून जातं आणि गाडी सरळ निघते. उशिरापर्यंत दाबून धरला तर मागची चाकं हलकी होऊन गाडी गिरकी घेते. या दोन चुकांमधली जागा फार अरुंद आहे आणि क्लार्क तासन् तास तिथेच असायचा. ७२ शर्यतींत २५ विजय, १९६३ आणि १९६५ ची विजेतेपदं. मला मात्र १९६३ ची बेल्जियममधल्या स्पाची पावसातली शर्यत जास्त मोलाची वाटते. त्याच्या लोटस गाडीचा वरचा गिअर सारखा उडत होता, म्हणून त्याने एका हाताने गिअरचा दांडा धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने गाडी वळवली. दुसऱ्या आलेल्या ब्रूस मॅक्लारेनला जवळजवळ पाच मिनिटं मागे टाकलं! १९६६ साली हाच माणूस लोटस कॉर्टिना घेऊन ब्रिटनच्या आरएसी रॅलीत (रॅली म्हणजे एकेक गाडी घड्याळाशी शर्यत करत रस्त्याचे टप्पे पार करते) जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर उतरला आणि गाडी उलटेपर्यंत तिथल्या मुरलेल्या रॅलीवाल्यांच्या तोडीचे वेळ देत राहिला. (टायरची पकड मोजूनमापून खर्च करण्याची ही कला आजही तेवढीच लागते. २०२० मध्ये बहारीनमधल्या साखीरला फॉर्म्युला टूची (फॉर्म्युला वनच्या खालची पायरी) शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला तो आपला मुंबईचा जेहान दारूवाला. त्या मालिकेत टायर लवकर झिजतात आणि सुरुवातीला उधळपट्टी करणारा शेवटच्या फेऱ्यांत हमखास मागे पडतो.)

१९६७ ला इटलीतल्या माँझाला क्लार्क पंक्चरमुळे अख्खी फेरी मागे पडला, ती भरून काढून पुन्हा पहिला आला आणि शेवटच्या फेरीत पेट्रोलने दगा दिला. ती शर्यत होंडा गाडीत ०.२ सेकंदांनी जिंकला जॉन सर्टीज. दोन चाकांवर आणि चार चाकांवर, दोन्हीकडे जगज्जेता झालेला आजवरचा एकमेव माणूस. एमव्ही ऑगस्टावर ५०० सीसीची चार विजेतेपदं (१९५६, ५८, ५९, ६०) आणि १९६४ ला फेरारीतून फॉर्म्युला वन. तेही ४० विरुद्ध ३९ अशा एका गुणाने, मेक्सिकोतल्या शेवटच्या शर्यतीत संघातल्या बांदिनीने वाट सोडल्यावर. सर्टीज व्हिन्सेंटच्या कारखान्यात उमेदवारी केलेला माणूस. हाताला काळं तेल लागलेला चालक गाडीचं दुखणं नेमकं सांगू शकतो, असं मी मानतो. गाड्यांमधली त्याची दुसरीच ग्रां प्री (फॉर्म्युला वनची शर्यत) होती १९६० ची, ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनची, आणि तिथे तो दुसरा आला. मोटरसायकलवर चुकीची रेघ पकडली तर ती वळणाच्या मध्यात दुरुस्त करायला फारसा वाव नसतो. त्यामुळे वळणाआधीच पूर्ण वळण डोळ्यांनी वाचायची सवय लागते, आणि ती चार चाकांवर जशीच्या तशी कामी येते.

आता डाव्या पायाकडे येऊ. रॅलीमधला माझा सगळ्यात लाडका विषय हाच.

मिनी कूपर एस म्हणजे १२७५ सीसीचं इंजिन, १० इंची चाकं, ताकद पुढच्या चाकांना आणि बहुतेक वजनही पुढेच. बर्फावर किंवा खडीवर अशी गाडी वेगात वळणात घातली की पुढची चाकं घसरतात आणि स्टीअरिंग कितीही फिरवा, नाक सरळच जातं. फिनलंडच्या टिमो मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन यांचं उत्तर असं, की उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचाच नाही आणि ब्रेक डाव्या पायाने मारायचा. पुढच्या चाकांना ब्रेक थांबवू पाहतो पण इंजिन फिरवत ठेवतं, म्हणून ती लॉक होत नाहीत. मागच्या चाकांना इंजिनाचा आधार नाही, शिवाय वजन पुढे गेल्याने ती हलकी झालेली. ती आधी घसरतात, गाडीची मागची बाजू बाहेर फिरते आणि नाक आपोआप वळणाच्या आत बघायला लागतं. ब्रेक सोडला की गाडी सरळ होते, आणि इंजिनाचे फेरे पडलेले नसल्यामुळे लगेच ओढायला लागते. या जोरावर मॅकिनेनने १९६५, ६६ आणि ६७ अशी सलग तीन वर्षं फिनलंडची थाउजंड लेक्स रॅली जिंकली. ६७ ला औनिनपोहयाच्या टप्प्यात बॉनेट उघडून काचेवर आदळलं, तर हा खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी पळवत राहिला.

याची किंमत ब्रेकला मोजावी लागते. इंजिन आणि ब्रेक एकमेकांविरुद्ध लढत असल्याने डिस्क लालभडक तापतात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषून ही हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल मऊ पडून तळाला जातं. लांब घाट उतरताना साध्या गाडीचं पेडल मऊ पडतं त्यामागे बरेचदा हेच असतं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात ते यासाठी.

कुणाला डाव्या पायाचा हा ब्रेक शिकायचाच असेल तर मोकळं, बंद मैदान हवं, रस्ता नव्हे. दुसऱ्या गिअरमध्ये २५-३० च्या वेगाने सरळ जाऊन फक्त डाव्या पायाने थांबायचं, टाच जमिनीवर टेकवून. पहिल्या खेपेला कपाळ पुढे आपटेल इतका ब्रेक लागतो, कारण डाव्या पायाला क्लच तळापर्यंत दाबायचीच सवय. वीस-तीस वेळा केलं की पाय हलका होतो. मगच उजवा पाय स्थिर ठेवून वर हलका ब्रेक द्यायचा. आजच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद तोडतो, त्यामुळे तिथे हा प्रयोग पुढे सरकत नाही. गाडी बिघडलेली नसते.

हा डावा पाय पुढे ऑडी क्वाट्रोत गेला. चारही चाकांना ताकद, पण पाच सिलिंडरचं इंजिन पुढच्या एक्सलच्याही पुढे टांगलेलं, म्हणून नाक जड. त्यात टर्बोला (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) फुगायला वेळ लागायचा आणि पाय उचलला की ताकद गायब. साबसारख्या, पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीवर वाढलेला स्टिग ब्लूमक्विस्ट डाव्या पायाच्या ब्रेकमध्ये मुरलेला होता. त्याने १९८४ ला याच गाडीत विजेतेपद काढलं. पण त्याआधी क्वाट्रोतून इतिहास घडवला मिशेल मूतोंने. १९८१ ला इटलीची सानरेमो जिंकून जागतिक रॅली मालिकेतली रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली, शेजारी वळणांच्या नोट्स वाचायला फाब्रिझिया पोन्स. १९८२ ला पोर्तुगाल, ॲक्रोपोलिस आणि ब्राझील अशा तीन रॅल्या. ॲक्रोपोलिस म्हणजे ग्रीसमधले गाडीचं सस्पेन्शन फोडणारे दगड, तिथे नुसत्या वेगाने भागत नाही. विजेतेपद थोडक्यात हुकलं. आयव्हरी कोस्टच्या निर्णायक रॅलीच्या तोंडावर तिचे वडील गेले आणि तरीही ती गाडीत बसली. विजेता ठरलेल्या वॉल्टर रोर्लबद्दल मला प्रचंड आदर आहे. चार वेगवेगळ्या गाड्यांतून चार वेळा माँटे कार्लो जिंकणं खायचं काम नव्हे, आणि १९८० ला पोर्तुगालच्या अर्गानिलमध्ये दाट धुक्यात, रस्ता तोंडपाठ असल्यासारखा तो जे चालला त्याला तोड नाही. पण १९८२ च्या त्या हंगामात माझं मन मूतोंच्या बाजूला आहे.

आफ्रिकेची सफारी रॅली निराळीच. तिथे वेगापेक्षा गाडी शेवटपर्यंत नेणं महत्त्वाचं. १९६३ आणि १९६८ या दोन्ही वर्षी अखेरपर्यंत फक्त ७ गाड्या पोहोचल्या. केनियातला शीख मेकॅनिक जोगिंदर सिंग ही रॅली तीनदा जिंकला: १९६५ ला भाऊ जसवंतला शेजारी बसवून जुन्या, वापरलेल्या व्हॉल्व्हो पीव्ही ५४४ मधून, मग १९७४ आणि १९७६ ला मित्सुबिशी लान्सरमधून. युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा शेखर मेहता तर पाच वेळा जिंकला. या रॅलीत चिखल आणि भरलेले ओढे गाड्या मारायचे. पुढच्या काळात सफारीच्या गाड्यांना हवा घेणारी नळी थेट टपापर्यंत नेलेली दिसते ती त्यामुळेच. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हा जोगिंदरसारख्या माणसाच्या अंगवळणी पडलेला नियम. गाडी ढकलून बाहेर काढायची, एअर फिल्टर उघडून बघायचा. तो ओला असेल तर सगळे प्लग काढून इंजिन पान्याने हाताने फिरवायचं, म्हणजे पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर येतं. नंतर ऑइलची पट्टी बघायची. दुधाळ दिसलं तर ऑइल बदलल्याशिवाय चालू करायचं नाही.

दोन चाकांवर पकडीचा हिशेब आणखी कडक होतो. ४५ अंश झुकलेली मोटरसायकल साधारण एक जी (म्हणजे स्वतःच्या वजनाएवढा) बाजूचा जोर झेलते, ६० अंशांना तो १.७ जी होतो. बर्फावरच्या शर्यतींतून आलेला फिनलंडचा यार्नो सारिनेन सीटवरून वळणाच्या आतल्या बाजूला सरकून लटकायला लागला. १९७२ चा हा २५० सीसीचा जगज्जेता पुढच्याच वर्षी माँझाच्या शर्यतीत मरण पावला. ती रीत पूर्णत्वाला नेली अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सने. अंग आत टाकलं की वजनाचा मध्य आत सरकतो, आणि त्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते. गुडघा जमिनीला लावायचा तो किती झुकलोय हे कळायला, आधार म्हणून नव्हे. आपल्याकडे फोटोसाठी गुडघा बाहेर आणि डोकं मात्र टाकीच्या वर किंवा उलट बाजूला, असं हमखास दिसतं. त्यात वजन जिथल्या तिथे राहतं, फायदा शून्य. अर्धं बूड सीटबाहेर, बाहेरची मांडी टाकीला घट्ट, आतला खांदा खाली, हनुवटी वळणाच्या दिशेने आणि हँडलवर हात सैल, एवढं जमलं तर गुडघा लागो न लागो, काम झालं.

रॉबर्ट्सची खरी करामत मातीच्या गोल ट्रॅकवरून आली. तिथे मागचं चाक सतत घसरतं आणि गाडी थ्रॉटलने (मुठीतल्या ॲक्सिलरेटरने) वळवावी लागते. डांबरावरही त्याने तेच केलं. झटपट वळायचं, थ्रॉटल लवकर उघडायचा, मागचं चाक जरासं फिरू द्यायचं आणि त्याच्या घसरण्याने गाडीचं तोंड वळणातून बाहेर पडायच्या दिशेला लावायचं. १९७८, ७९, ८० अशी ५०० सीसीची सलग तीन विजेतेपदं. यातला धोका जीवघेणा आहे. मागचं चाक घसरलं की घाबरून थ्रॉटल बंद करणं ही सगळ्यात वाईट चूक. चाकाला एकदम पकड मिळते, आडवी झालेली गाडी झटक्यात उभी राहते आणि चालकाला वरून फेकून देते. थ्रॉटल आहे तिथे धरायचा किंवा केसभर कमी करायचा.

स्पेनच्या मार्क मार्केझने याच्या पुढचं, पुढच्या चाकाचं गणित सोडवलं. मागचं चाक घसरलं तर वेळ मिळतो, पुढचं घसरलं तर बहुतेक वेळा गाडी गेलीच. हा ६० अंशांच्या पुढे झुकलेला असताना पुढचं चाक सुटलं की गुडघा आणि कोपर डांबरावर दाबतो. झुकणं तिथेच थांबतं, थोडा भार चाकाऐवजी कोपरावर जातो, आणि त्या क्षणभरात थ्रॉटल किंचित उघडून वजन मागे नेलं की पुढचं चाक पुन्हा गोल फिरून पकड धरतं. २०२० ला स्पेनमधल्या हेरेझमध्ये उजव्या दंडाचं हाड मोडलं, त्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर २०२५ ला डुकाटीवर त्याने मोटोजीपीचं (मोटरसायकलींची सगळ्यात वरची मालिका) सातवं विजेतेपद मिळवलं. ते नक्की झालं जपानच्या मोतेगीत, आणि तिथली निम्म्याहून जास्त वळणं उजवीकडची आहेत.