भाकरीशिवाय मटण कशाशी खायचे?

पॅलिओ पद्धतीने जेवायला लागून मला आता तीन वर्षे होत आली, पण वजन किती उतरले हे फारसे कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच, की भाकरी नाही, पोळी नाही, भातही नाही, तर मग मटण कशाशी खाता? कोल्हापूरच्या माझ्या आत्याने तर पहिल्याच भेटीत, “अगं, रस्सा काय नुसता पितेस की काय?” असे विचारून सगळ्या घराला हसवले होते. तुम्हीही परवा तेच विचारलेत, म्हणून या वेळी हसण्यावारी न नेता नीट उत्तर देते.

आधी नियम सांगते. धान्ये, डाळी व कडधान्ये, दूध व दुधाचे पदार्थ, साखर आणि कारखान्यात शुद्ध केलेली तेले या जेवणात वर्ज्य असतात. मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद, फळे, नारळ, तीळ आणि काजू-बदाम चालतात. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला असल्यामुळे तोही जातो, आणि खरे सांगायचे तर भाकरी सोडण्यापेक्षा दाण्याचे कूट सोडणे मला जड गेले. तुपाबद्दल मतभेद आहेत. कडक पाळणारे ते घेत नाहीत, मी चमचाभर घेते.

शेती सुरू होण्यापूर्वीचा माणूस जे खात होता ते आपल्या शरीराला मानवते, हा यामागचा विचार १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन अमेरिकी अभ्यासकांच्या लेखामुळे सर्वत्र चर्चेत आला. माझी मात्र पूर्वजांच्या नावाने जेवण्याची इच्छा नाही. नेवाशाला प्रवरेच्या काठी ज्यांची दगडी हत्यारे सापडली, त्या माणसांनी मिरची आणि टोमॅटो पाहिलेही नव्हते, कारण दोन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगीज इथे आल्यानंतर, आपल्याकडे आले. इटलीत तर सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या वाटण्याच्या दगडांवर वनस्पतींच्या पिठाचे कण मिळाले आहेत, म्हणजे पाटा-वरवंटा शेतीच्याही आधीचा ठरतो. माझे कारण साधे होते: तपासणीत साखर काठावर निघाली आणि पोळी-भाताचे प्रमाण मला काही केल्या आवरत नव्हते. कमी करण्यापेक्षा बंद करणे मला सोपे गेले, इतकेच.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येते. आपला रस्सा मुळात भाकरीसाठी केलेला असतो. ज्वारीच्या भाकरीला स्वतःचे मीठ नसते, म्हणून तिच्या वाट्याचे मीठ, तिखट आणि तेल आपण रश्श्यात आधीच घालून ठेवतो, आणि कुस्करलेल्या भाकरीत तो सौम्य होतो. हे मला कळले ते पहिल्याच आठवड्यात. नेहमीच्या हाताने केलेला तांबडा रस्सा मी भाकरीशिवाय दोन वाट्या प्यायले आणि रात्रभर छातीवर हात ठेवून बसले. भाकरी काढली की मीठ निम्म्याने आणि तिखट त्याहूनही कमी करावे लागते, आणि तेलाचा तवंग तर लागतच नाही. हे एकदा हाताला कळले, की पुढचे सगळे आपल्याच स्वयंपाकघरात आहे.

आणि ते आहे म्हणजे अळणीत, तिखट-मसाला घालण्याआधीच्या शिजलेल्या मटणात आणि त्याच्या रसात, आहे. कोल्हापूरकडे तांबडा असो वा पांढरा, सुरुवात अळणीनेच होते. अर्धा किलो मटण घेताना मी खाटकाकडून नळी आणि सीना मागून घेते, कारण नुसत्या मांडीच्या मटणाला रस सुटत नाही. हळद, आले-लसणाचे वाटण आणि थोडे मीठ चोळून ते अर्धा तास ठेवते. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तुपावर एक कांदा गुलाबी करून त्यात मटण टाकते आणि पाणी न घालता परतते. मग पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतते. आतली वाफ ताटलीच्या बुडाला लागून परत मटणावर ठिबकते, वरचे पाणी तापते, आणि रस आटू लागला की तेच गरम पाणी आत घालता येते. कुकरच्या पाच शिट्ट्यांत मटण शिजते हे मला मान्य आहे, पण तासाभराने ताटली उचलल्यावर जो वास येतो तो कुकरला येत नाही.

भाकरीची जागा भाज्या घेतात, मात्र सगळ्या एकदम टाकल्या तर कालवा होतो. सुरणाच्या फोडी मटण अर्धे शिजल्यावर जातात. सुरण चिरताना हाताला तेल लावावे आणि फोडी कोकमाच्या पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे खाज राहत नाही. नवलकोल त्यानंतर, दुधी अगदी शेवटची पंधरा मिनिटे, आणि शेपू किंवा चाकवत आच बंद करण्याच्या जरा आधी. सुरण कडेने किंचित विरघळून रसाला दाटपणा देतो, त्यामुळे डाळ्याच्या पिठाची आठवणही येत नाही. पांढरा रस्सा तर जवळजवळ आयताच या नियमांत बसतो: नारळाचे दूध, काजू, तीळ, खसखस आणि खडा मसाला. नारळाचे दूध घातल्यावर मात्र खळखळून उकळू देऊ नये, फुटते.

रोज मटण परवडत नाही आणि तेवढे खाण्याची गरजही नाही. मधल्या वारी अंडी असतात, बांगडा किंवा तारली असते, नाहीतर मेथी घातलेला खिमा असतो. खिमा रुंद कढईत पसरून त्याचे पाणी पूर्ण आटेपर्यंत हलवायचा नाही, हे एक पथ्य सोडले तर त्यात शिकण्यासारखे काही नाही. मटार घालत नाही, कारण ते कडधान्य. मेथीही वनस्पतिशास्त्राप्रमाणे त्याच कुळातली, पण आपण पाला खातो, दाणा नाही, अशी पळवाट मी काढली आहे. हिंगाच्या डबीने मात्र मला वर्षभर फसवले. बाजारच्या बांधणी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते, हे मी एके दिवशी चष्मा लावून वाचले तेव्हा समजले.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना धान्य एकाएकी बंद केले तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते, तेव्हा अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही करू नये.

दोन स्वयंपाक करता का, असेही तुम्ही विचारले होते. करत नाही. अळणी तयार झाली की माझ्या वाट्याचे मटण, भाज्या आणि रस आधी काढून घेते. मग उरलेल्या पातेल्यात कांदा-खोबऱ्याचे भाजके वाटण, कांदा-लसूण मसाला आणि दुसरे मीठ जाते, आणि घरच्यांचा तांबडा रस्सा होतो. गेल्या दिवाळीत आत्या आली होती. तिच्यासाठी दोन भाकऱ्या थापल्या होत्या. तिने माझ्या वाडग्यातले सुरण चाखून पाहिले, मीठ कमी आहे म्हणाली, आणि दुसरी फोड उचलली.