आमची वाटचाल : ‘घेऊ नका’ म्हणायचे पैसे

सोलापुरात होटगी रोडला आमचं गॅरेज आहे. आधी पाटीवर ‘जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री’ असं होतं, आता ‘जुन्या गाड्यांची तपासणी’ आहे. शेवटचा शब्द बदलला त्यामागे एक इंजिन आहे.

वडील डिझेल मिस्त्री. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची आणि ते गॅरेजमध्येच झोपायचे. मला मात्र विक्रीत पैसा दिसला. पुण्याहून गाडी उचलायची, अडीचशे किलोमीटर चालवत आणायची, पॉलिश मारायचं, सीट धुवायच्या आणि उभी करायची. चार-पाच वर्षं बरी गेली.

मग एक तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी आली. ओढायला एकदम भारी. ती मी एका निवृत्त सरांना दिली. दोन महिन्यांनी ते तुळजापूरला निघाले आणि घाटात तेलाचा लाल दिवा लागला. ‘वर पोचू, मग बघू’ म्हणून त्यांनी गाडी ओढली. वर पोचायच्या आधीच इंजिन जाम.

टोचन करून गाडी आणली आणि ऑइल चेंबर खोललं. तेल ओढणाऱ्या पाइपाच्या जाळीवर काळा, ओलसर चुरा बसला होता, जळलेल्या शेंगाचटणीसारखा. ते रबर होतं. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपा वेळेवर उघड-बंद करायला लावणारा रबरी पट्टा, तेलात भिजत फिरतो. तेल चुकीच्या ग्रेडचं टाकलं, वेळेवर बदललं नाही किंवा त्यात पेट्रोल मिसळत गेलं, की बेल्ट सुजतो आणि त्याचे कण सुटतात. जाळी तुंबते, तेलाचं प्रेशर पडतं. टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, ते जराही सोसत नाही. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत.

सरांनी एकच विचारलं, “तुला माहीत होतं का रे?”

अर्धवट माहीत होतं. गाडी घेताना पुण्यातला एक मिस्त्री म्हणाला होता, “त्याचा बेल्ट बघून घे बरं का.” मी बघितला नाही. बघितला असता तर गाडी घेता आली नसती. निम्मा खर्च मी दिला, पण तो प्रश्न काही फिटला नाही.

त्यानंतर विक्री बंद केली. आता घेणाऱ्याच्या बाजूने गाडी बघतो. फी ठरलेली. गाडी घ्या किंवा सोडा, आमचे पैसे तेवढेच. एजंटांचं कमिशन नाही. पहिल्या वर्षी बायको हिशेबाची वही पुढे ठेवायची आणि काही न बोलता आत जायची. एका एजंटाने तर फोनच केला, “काय बे, पोटावर पाय देतो का आमच्या?”

टर्बो गाडी असली की आम्ही सांगतो, इंजिन गार असताना दाखवा. सोलापूरच्या उन्हात गाडी तशीही तापलेली असते, पण विकणारा इंजिन मुद्दाम गरम करून ठेवतो. पहिल्या स्टार्टचा निळा धूर आपल्याला दिसू नये म्हणून. मग टर्बोकडे जाणारा होज, म्हणजे हवेचा पाइप, काढायचा आणि बोट घालून शाफ्ट हलवायचा. आडवा किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, चालतो. पुढे-मागे हलल्याचं बोटाला कळलं किंवा पंख्याचं पातं कडेला घासलं, तर टर्बो गेलाच समजा. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या, पाइपात तेलाचा ओलावा असतोच, त्याला घाबरू नका. तेल ओघळून बाहेर आलं तर मात्र गाडी सोडा. काही इंजिनांत तेल भरायचं झाकण काढलं की बेल्ट दिसतो. त्याची रुंदी मोजायची, सुजला असेल तर तिथेच कळतं. आणि स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र. दिवा लागू नये म्हणून आदल्या दिवशी बिघाडाचे कोड पुसलेले असतात, पण मग गाडीच्या स्वतःच्या तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवतात. या पुसापुशीचा मला सगळ्यात राग येतो. बिघाड गाडीचा असतो, पुसणारा हात माणसाचा असतो.

लोक आता मोबाइलवर वाचून येतात, “या इंजिनात प्रॉब्लेम आहे म्हणे, नकोच.” तसंही नाही. दोष ठाऊक असलेलं इंजिन, बेल्ट बदलल्याचं बिल, तेलाच्या ग्रेडसकट सर्व्हिसच्या नोंदी, एवढं समोर असेल तर ती गाडी मी कागद नसलेल्या ‘बिनदोष’ गाडीच्या आधी घेईन. भाव मात्र पाडून घ्यायचा.

गेल्या महिन्यात सर पुतण्याला घेऊन आले. पुतण्याला जुनी गाडी घ्यायची होती. मॉडेल तेच, इंजिनही त्याच जातीचं. बेल्ट, तेलपंप आणि जाळी बदलल्याचं बिल होतं. मी दोन तास बघितली, चेंबरसुद्धा उतरवलं. जाळी स्वच्छ होती.

“घ्या,” म्हटलं.

सरांनी चष्मा पुसला. “तोंडी नको. लिहून दे.”

लिहून दिलं. खाली सही केली, तारीख टाकली.